खोक्यावर आणखी एक आकडा छापा: टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

टीव्ही संच बनवणाऱ्या सर्व कंपन्यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या टीव्हीच्या खोक्यावर पडद्याचे इंच मोठ्या अक्षरांत असतात. ४के असते, एचडीआर असते, स्पीकरचे वॅट असतात, कोणकोणती अ‍ॅप चालतात तेही असते. कंट्रोलरचे बटण दाबल्यावर त्याचा परिणाम पडद्यावर दिसायला तुमचा टीव्ही स्वतःचा किती वेळ घेतो, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. याला इनपुट लॅग म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत मोजतात, हे तुम्हाला सांगायला नको. गेम खेळणाऱ्या माणसाने एखादा टीव्ही घ्यावा की नाही, हे इतर कुठल्याही आकड्यापेक्षा या आकड्यावर जास्त ठरते. तो छापा, आणि स्वस्तातल्या स्वस्त मॉडेलवरही छापा, एवढी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी किमतींबद्दल बोलू, कारण त्यांनी आमचे जग खरोखर बदलले आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, आला, वर्षभराने प्लेस्टेशन ३ आला. या कन्सोलचे गेम एचडी पडद्यासाठी आखलेले होते आणि बहुतेक घरांत मात्र अजून जाडजूड सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीचा, टीव्हीच होता. चांगला एचडी टीव्ही घ्यायचा तर कन्सोलच्या कित्येक पट पैसे मोजावे लागत. त्यामुळे नवा कन्सोल घरी आणूनही त्यातले बरेचसे हाती लागत नसे. २००६ मधला ‘डेड रायझिंग’ हा गेम याचा गाजलेला दाखला आहे. जुन्या टीव्हीवर त्यातली अक्षरे इतकी बारीक दिसत की वाचताच येत नसत, आणि पुढे काय करायचे ते त्या अक्षरांतच सांगितलेले असे. ज्याच्याकडे महागडा टीव्ही नाही, त्याला गेमचे पूर्ण पैसे देऊनही तो पुरता खेळता येत नव्हता.

ती भिंत आज पडली आहे. मध्यम आकाराचा एचडी टीव्ही आता पुष्कळदा कन्सोलच्या किमतीत, कधी त्याहूनही कमी किमतीत मिळतो. जुन्या टीव्हीच्या ६४० गुणिले ४८० या चित्रात ३,०७,२०० पिक्सेल असत. १०८०पी (पूर्ण एचडी) पडद्यावर ते २०,७३,६०० झाले आणि ४के पडद्यावर ८२,९४,४००. म्हणजे एका पिढीच्या आत सत्तावीसपट तपशील साध्या पगारावर चालणाऱ्या घरात पोहोचला. दूरवरच्या टेकडीवरचा शत्रू आता ठिपका राहिलेला नाही, माणूस दिसतो. एका पडद्याचे चार भाग करून चौघांनी खेळायचे म्हटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जुन्या अख्ख्या टीव्हीपेक्षा जास्त चित्र येते. हे तुम्ही केले आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानतो.

हे कसे घडले तेही सांगायला हवे, कारण माझी मागणी त्याच्याशी जोडलेली आहे. आजच्या टीव्हीचा पडदा, म्हणजे एलसीडी पॅनेल, एका मोठ्या काचेवर बनवून मग कापतात. ही काच जितकी मोठी, तितके एका फेरीत जास्त पडदे. २००४ च्या सुमारास सहाव्या पिढीच्या कारखान्यांत ही काच साधारण १५०० गुणिले १८०० मिलिमीटरची होती आणि तिच्यातून ३२ इंचाचे आठ पडदे निघत. साडेआठव्या पिढीत ती २२०० गुणिले २५०० झाली आणि ५५ इंचाचे सहा पडदे निघू लागले. साडेदहाव्या पिढीची काच २९४० गुणिले ३३७० मिलिमीटरची आहे, आणि तिच्यातून ६५ इंचाचे आठ पडदे निघतात. असे कारखाने चीनमध्ये एकामागून एक उभे राहिले, पुरवठा मागणीच्या पुढे गेला आणि पॅनेलचा भाव कोसळला. या शर्यतीत मोठमोठी नावे मागे पडली. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचे उत्पादन थांबवले, सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडी पॅनेल बनवणे सोडले. प्लाझ्माचे मला आजही वाईट वाटते. वेगाने सरकणारे चित्र त्यावर जितके स्वच्छ दिसे, तितके स्वस्त एलसीडीवर अजूनही दिसत नाही.

पण भाव आपोआप उतरला असे म्हणून चालणार नाही. २००१ ते २००६ या काळात एलसीडी पॅनेलच्या काही मोठ्या उत्पादकांनी आपसांत ठरवून भाव चढे ठेवले होते. अमेरिकेत २००८ मध्ये एलजी डिस्प्ले, शार्प आणि चुंगह्वा यांनी गुन्हा कबूल केला आणि तिघांना मिळून ५८.५ कोटी डॉलर दंड झाला. २०१० मध्ये युरोपीय आयोगाने याच प्रकारासाठी पाच कंपन्यांना दंड ठोठावला. २०१२ मध्ये अमेरिकेत एयू ऑप्ट्रॉनिक्सला आणखी ५० कोटी डॉलरचा दंड झाला. तारखा नीट पाहा. पहिले एचडी कन्सोल बाजारात आले, तेव्हा हा संगनमताचा काळ संपलेला नव्हता. जे लोक त्या वेळी टीव्ही परवडत नाही म्हणून बारीक अक्षरांशी झगडत होते, त्यांच्यासमोरची किंमत पूर्णपणे खुल्या बाजाराने ठरवलेली नव्हती. हे उगाळत बसण्यासाठी लिहीत नाही. ग्राहकाला माहिती मिळत नाही तेव्हा त्याचे नुकसान होते आणि ते त्याला कळतही नाही, एवढ्यासाठी लिहिले.

आता मुख्य मुद्दा. किंमत उतरत असताना टीव्हीतले जे काही कमी केले जाते, ते ग्राहकाला न दिसणाऱ्या ठिकाणी. इंच आणि पिक्सेल दिसतात, म्हणून तिथे कोणी हात आखडता घेत नाही. वेळ दिसत नाही, आणि सगळी काटकसर तिथे येऊन साचते.

सीआरटीमध्ये हा प्रश्नच नव्हता. कन्सोलकडून सिग्नल येत असतानाच इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर रेघा ओढत जाई. मध्ये चित्र साठवून ठेवणारे कोणी नव्हते. ‘डक हंट’सारख्या गेममधली बंदूक चाले ती याच भरवशावर: ट्रिगर ओढताच लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन नेमका कधी उजळणार हे कन्सोलला ठाऊक असे आणि बंदुकीतला सेन्सर तो प्रकाश टिपे. तीच बंदूक आजच्या टीव्हीसमोर धरली तर काही होत नाही. २००१ चा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ स्पर्धेत खेळणारे लोक आजही जड सीआरटी टीव्ही उचलून स्पर्धेच्या ठिकाणी नेतात. त्यांना जुन्या वस्तूंचा सोस आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने एकदा तो गेम दोन्ही पडद्यांवर खेळून पाहावा.

आजचा टीव्ही सिग्नल आल्यावर आधी तो साठवतो, लहान चित्र पडद्याच्या मापाचे करतो, त्यातला खडबडीतपणा काढतो, रंग उजळवतो आणि मग दाखवतो. हालचाल लोण्यासारखी मऊ दिसावी म्हणून दोन फ्रेमच्या, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दोन स्थिर चित्रांच्या, मध्ये तिसरी कल्पून घालण्याची सोय सुरू असेल, तर त्याला पुढची फ्रेम हाती येईपर्यंत थांबावेच लागते, नाहीतर मधली कुठून काढणार? सिनेमा पाहताना या थांबण्याने काही बिघडत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवता येतो. गेममध्ये मात्र पडद्यासमोरचा माणूस उत्तर देत असतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर खेळाडू सहा फ्रेमपूर्वीचे जग पाहून निर्णय घेत असतो. ‘स्ट्रीट फायटर ४’मध्ये काही चाली जोडायला नेमकी एक फ्रेम मिळे. ठरलेल्या उशिराची बोटांना हळूहळू सवय होते हे खरे, आणि अशी जोडणी सरावाने साधताही येते. पण समोरच्याने हात उचललेला पाहून अडवायचे असेल, तर त्या सहा फ्रेम कुठल्याही सरावाने परत मिळत नाहीत.

नवख्या खेळाडूला याची जाणीव फार वेगळ्या रूपात होते, आणि मला सर्वात जास्त तेच खटकते. त्याला टीव्ही मंद आहे असे वाटत नाही. आपल्यालाच जमत नाही, असे वाटते. उडी दरवेळी खड्ड्यात जाते, ताल दरवेळी चुकतो, गाडी वळणावर दरवेळी कठड्याला घासते. लहान मूल किंवा साठीतले आजोबा पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेतात आणि दहा मिनिटांत बाजूला ठेवतात. त्यांच्या हातात काही खोट नव्हती. त्यांच्या टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्रावरची जास्तीची प्रक्रिया टाळून उशीर कमी करणारी सोय, बंद होता आणि तो मेनूच्या चौथ्या पायरीवर, ‘प्रगत चित्र’ किंवा तसल्याच कुठल्यातरी नावाखाली दडलेला होता.

गेम बनवणाऱ्यांना वेळेची किंमत केव्हाच कळली होती. २००७ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ने एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ वर १०२४ गुणिले ६०० एवढेच चित्र काढले. पुऱ्या ७२०पीच्या (१२८० गुणिले ७२०) हे दोन तृतीयांश झाले. पिक्सेल सोडले आणि सेकंदाला ६० फ्रेम राखल्या. तो गेम लोकांनी डोक्यावर घेतला. पुढच्या वर्षी ‘रॉक बँड २’च्या गिटारमध्ये प्रकाश टिपणारा सेन्सर आणि मायक्रोफोन बसवलेला होता. गिटार पडद्यासमोर धरायची, म्हणजे टीव्ही चित्र आणि आवाज किती उशिरा देतो ते ती स्वतः मोजून घेई आणि गेम तेवढी भरपाई करी. जो आकडा तुम्ही खोक्यावर छापायला हवा होता, तो काढण्यासाठी कोणाला तरी प्लास्टिकच्या गिटारमध्ये मोजमापाचे यंत्र घालावे लागले.

तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे, हे मान्य करायलाच हवे. नोव्हेंबर २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ चे, म्हणजे कन्सोल टीव्हीला जोडणाऱ्या केबलच्या नव्या मानकाचे, तपशील जाहीर झाले. कन्सोल सुरू होताच टीव्हीने आपणहून गेम मोडमध्ये जाण्याची सोय आणि कन्सोलच्या फ्रेमशी पडद्याचा वेग जुळवून घेण्याची सोय त्यांत आहे. तुमच्यापैकी कित्येकांचे आजचे टीव्ही गेम मोडमध्ये १५ मिलिसेकंदांच्या आत असतात, आणि त्यांत स्वस्त टीव्हीही आहेत. मग लपवता कशासाठी? काही कंपन्या वरच्या मॉडेलांच्या जाहिरातीत हा आकडा अभिमानाने देतात. मोजायची रीत आहे, उपकरणे आहेत, आकडाही बहुधा तुमच्या प्रयोगशाळेत लिहून ठेवलेला आहे. तो फक्त महागडा टीव्ही घेणाऱ्यालाच सांगितला जातो.

त्यातच ‘एचडीएमआय २.१’ हे नाव स्वतःच भरवशाचे राहिलेले नाही. त्यातल्या जवळजवळ सर्व नव्या सोयी ऐच्छिक आहेत. यांपैकी अगदी थोड्या असलेल्या टीव्हीवरही हे नाव लागू शकते, हे २०२१ च्या अखेरीस उघड झाले. ४के चित्र सेकंदाला १२० वेळा घेणे हे तर अनेक टीव्हींना जमतच नाही. ज्यांना जमते त्यांतही पुष्कळदा चारपैकी दोनच पोर्ट त्या क्षमतेचे असतात आणि त्यांतल्या एकावर साउंडबारचा हक्क असतो. दोन कन्सोल असलेल्या माणसाने काय करायचे? प्रत्येक पोर्टशेजारी त्याची क्षमता छापायला किती शाई लागेल? हालचालीच्या वेगाचे जे भले थोरले आकडे तुम्ही नवनवी नावे देऊन छापता, त्यांबद्दलही हेच म्हणणे आहे. पॅनेल ६० हर्ट्‌झचे, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारे, असेल तर ६० लिहा. त्यावर प्रक्रिया करून किती भासते ते लिहायचे असल्यास खाली लहान अक्षरांत लिहा.

एचडीआरचे, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवण्याच्या सोयीचेही तेच. बरेच गेम १००० निट्‌स किंवा त्याहून जास्त उजेड (निट हे उजेडाचे माप) गृहीत धरून रंगवलेले असतात. स्वस्त टीव्हीची धाव अनेकदा तीनशेच्या आसपास संपते. तो एचडीआर सिग्नल घेतो, एवढ्यावर शिक्का बसतो, आणि खेळणाऱ्याला गुहेतला भाग काळाकुट्ट व आकाश पांढरेफटक दिसते. अशा टीव्हीवर एचडीआर बंद करून साधा एसडीआर लावून खेळणे कितीतरी बरे, असा सल्ला मी विचारणाऱ्या प्रत्येकाला देतो.

आणि ८के, म्हणजे ४केहूनही बारीक चित्र. ते राहू द्या. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यावर सुरुवातीला ८केची खूण होती, पुढे २०२४ मध्ये ती काढली गेली. खेळायला ८के गेम जवळपास नाहीतच. ते पैसे पॅनेलच्या वेगावर लावा.

टीव्ही इतका स्वस्त का देता येतो, याचे आणखी एक कारण पडद्याच्या काचेत नसून त्याच्या होम स्क्रीनवर आहे. जाहिराती, अ‍ॅपचा हिस्सा, आणि आम्ही काय पाहतो याची नोंद. अमेरिकेतल्या व्हिझिओ कंपनीने प्रेक्षकांना न विचारता ही नोंद घेतल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. जाहिरातींच्या बदल्यात स्वस्त टीव्ही हा सौदा काही जणांना मान्य असेलही. पण मला कन्सोल सुरू करायचा आहे. टीव्ही लावताच आधी मालिकांची चित्रे, मग अडखळणारा मेनू, मग एचडीएमआयचा शोध, हे सर्व पार करून खेळायला बसावे लागू नये. शेवटचे वापरलेले इनपुट थेट उघडेल, अशी सोय प्रत्येक टीव्हीत हवी. आणि टीव्ही इंटरनेटला न जोडताही पूर्ण चालायला हवा.

जुन्या कन्सोलवाल्यांची एक वेगळी व्यथा आहे आणि ती ऐकणारे थोडे आहेत. तीसेक वर्षांपूर्वीचे बहुतेक कन्सोल २४०पी, म्हणजे २४० रेघांच्या पूर्ण चित्रांचा, सिग्नल देतात. आजचे कित्येक टीव्ही त्याला ४८०आय, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांत येणारा सिग्नल, समजतात, दोन अर्धी चित्रे विणून एक करायला जातात, आणि जे चित्र मुळात पूर्णच होते ते फाटके दिसते. शिवाय त्या विणकामात वेळ जातो तो निराळाच. एस-व्हिडिओ केव्हाच गेला, कॉम्पोनंट पोर्ट गेले, आता साधे कंपोझिटही एखाद्या छोट्या अ‍ॅडॉप्टरवर आले आहे. हे पोर्ट परत द्या असा हट्ट मी धरत नाही, त्यांचा खर्च असतो हे कळते. मात्र २४०पीला २४०पी म्हणून ओळखणे हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे. ती काळजी तुम्ही घेतलीत, तर आईवडिलांच्या पिढीचे गेम त्यांच्या मुलांना त्यांच्याच कन्सोलवर, घरातल्या टीव्हीवर खेळता येतील. गेमचा इतिहास संग्रहालयात जपला जावाच, पण घराघरातही जपला जावा असे मला फार वाटते.

हे पत्र तुम्हाला असले तरी गेम बनवणारे स्टुडिओही ते वाचतील, म्हणून त्यांनाही दोन शब्द. टीव्ही मोठे आणि स्वस्त झाले म्हणून अक्षरे पुन्हा बारीक करू नका. लोक पलंगावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून खेळतात. अक्षरांचा आकार बदलण्याची सोय पहिल्या दिवसापासून द्या. दुसरे, एकाच टीव्हीवर दोघांनी खेळण्याचा प्रकार तुम्ही नेमका आता, पडदे त्याला पुरेसे मोठे झाल्यावर, मोडीत काढता आहात. ‘हेलो’ मालिका या प्रकारासाठी ओळखली जाई. २०१५ च्या ‘हेलो ५’मध्ये तो नव्हता आणि ‘हेलो इन्फिनिट’च्या कथानकासाठी कबूल केलेला हा भाग २०२२ मध्ये रद्द झाला. ६५ इंचाच्या टीव्हीसमोर दोन भावंडे बसली आहेत आणि खेळू शकतो एकच, याची मला खरोखर खंत वाटते.

पुन्हा तुमच्याकडे येतो. आकडा कसा छापायचा, तेही सांगतो, म्हणजे पळवाट राहणार नाही. ६० हर्ट्‌झचा पडदा वरून खाली रंगत जातो, त्यामुळे मध्यभागी पोहोचायलाच ८ मिलिसेकंदांहून थोडे जास्त लागतात. म्हणून मोजमाप पडद्याच्या मध्यभागी घ्यावे आणि तसे लिहावे. गेम मोडमधला आकडा द्यावा, आणि टीव्ही खोक्यातून काढल्यावर ज्या मोडमध्ये सुरू होतो त्यातलाही द्यावा. १०८०पी ६० हर्ट्‌झ, ४के ६० हर्ट्‌झ, आणि जमत असेल तिथे १२० हर्ट्‌झ, असे वेगवेगळे आकडे असावेत. पिक्सेल रंग बदलायला किती वेळ घेतो, तो आकडा याच्या जागी खपवू नये. ‘१ मिलिसेकंद’ म्हणून जे छापतात ते बहुधा तेच असते, आणि त्याचा इनपुट लॅगशी संबंध नाही. एकाच मॉडेल क्रमांकाखाली दोन प्रकारचे पॅनेल विकत असाल, तर दोन्हींचे आकडे द्या, किंवा क्रमांक वेगळे करा.

सर्वसामान्य ग्राहकाला हे समजणार नाही, असे तुम्ही म्हणाल. ज्या ग्राहकाला तुम्ही ४के, एचडीआर आणि क्यूएलईडी शिकवलेत, त्याला ‘आकडा जितका लहान तितके चांगले’ हे समजायला एक वाक्य पुरेल.

सुरुवात पुढच्या वर्षीच्या मॉडेलांपासून करा, आणि तीही सर्वात स्वस्त मॉडेलापासून. ज्याला महागडा टीव्ही घ्यायचा आहे, तो चार ठिकाणी चौकशी करतो, चाचण्या वाचतो, दोन टीव्ही शेजारी लावून बघतो. साठवलेल्या पैशांतून एकच टीव्ही घेणाऱ्याकडे निवडण्यासाठी तुमचा खोका तेवढा असतो.

कळावे,

आपला,
गेम खेळणारा एक ग्राहक